जखमेवर कीं शिरेंतून?

हृदयावरील शस्त्रक्रिया संपली, रुग्णास अतिदक्षता विभागांत आणून निजविलें, आणि बाहेर ताटकळत बसलेल्या मंडळींस ‘ऑपरेशन चांगलें झालें’ असा निरोप मिळाला, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनें संकट टळलें असतें. शल्यवैद्याचा मात्र एक निराळा पहारा त्याच घटकेपासून सुरू होतो. रुग्णाच्या छातींतून निघालेल्या दोन-तीन नळ्या खाटेच्या बाजूस ठेवलेल्या एका खुणांच्या पात्रांत सोडलेल्या असतात, आणि त्या पात्रांतील रक्त कोणत्या खुणेपर्यंत चढलें हें परिचारिका तासातासाला कागदावर टिपून ठेवते. पहिल्या चोवीस तासांत कांहीं शें मिलिलिटर रक्त येणें हें स्वाभाविकच मानतात. परंतु तें कमी होण्याऐवजीं वाढूं लागलें, किंवा त्याहून वाईट म्हणजे नळी गुठळीनें बुजून रक्त आंतल्या आंत हृदयाभोंवतीं सांचूं लागलें, तर नुकतेंच शिवलेलें तें हृदय बाहेरून दाबलें जाऊन पुरतें भरेनासें होतें; आणि मग रात्रीं दोन वाजतांही टांके उसवून छाती पुन्हां उघडण्यावांचून गत्यंतर नसतें.

आपल्याकडे अशा शस्त्रक्रियेपूर्वीं नातलगांस रक्तदाते जमविण्यास सांगण्याची वहिवाट पुष्कळ रुग्णालयांत आहे. भाचे, शेजारी, कचेरींतले सोबती अशी सारी मंडळी सकाळपासून रक्तपेढीच्या बांकावर येऊन बसतात. त्यांच्या बाह्या वर सरण्याचें कारण वर वर्णिलेला तो पहारा होय. रक्त ही वस्तु कोणत्याही कारखान्यांत तयार होत नाहीं, तें माणसानें माणसासच द्यावें लागतें. शिवाय परक्याचें रक्त अंगांत भरणें हें, कितीही तपासून घेतलें तरी, सर्वस्वी निर्धोक नसतें. म्हणून रक्त देण्याची पाळीच कमी यावी, यासाठीं गेलीं कित्येक दशकें खटपट चालू आहे. तिच्यांतील एका प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे. रक्तस्राव कमी करणारें औषध हातीं आहे. तें शिरेंतून सर्वांगांत सोडावें, कीं जेथून रक्त येतें तेथेंच, जखमेवर, ओतावें?

परंतु हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच रक्त एवढें हट्टी कां होतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. चालतें हृदय उघडून शिवणें दुर्घट. म्हणून तें कांहीं वेळ थांबवितात, आणि तेवढा वेळ हृदयाचें व फुप्फुसांचें काम बाहेरच्या एका यंत्राकडे सोंपवितात. अशा यंत्राच्या साह्यानें हृदय उघडून केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं डॉक्टर जॉन गिबन यांनीं ६ मे १९५३ रोजीं केली. अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयांतील पडद्यास पडलेलें छिद्र त्यांनीं बुजविलें, आणि त्यांतील सव्वीस मिनिटें त्या मुलीचा प्राण सर्वस्वीं यंत्राच्या स्वाधीन होता. आतां, रक्ताचा स्वभाव असा कीं शरीराबाहेरच्या कोणत्याही पृष्ठभागाशीं गांठ पडतांच तें थिजूं लागतें. यंत्राच्या नळ्यांत तें थिजलें तर सगळाच ग्रंथ आटोपला! म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं रुग्णास हेपॅरिन नांवाचें औषध भरपूर प्रमाणांत देऊन त्याच्या रक्ताची गोठण्याची शक्ति मुद्दाम हिरावून घ्यावी लागते. हें हेपॅरिन सांपडलें त्याची हकीकत मौजेची आहे. १९१६ सालीं बाल्टिमोर येथें जे मॅक्लीन नांवाचा वैद्यकाचा एक विद्यार्थी रक्त गोठविणाऱ्या पदार्थाचा शोध करीत होता, आणि त्याच्या हातीं लागला तो नेमका रक्त गोठूं न देणारा पदार्थ.

काम संपल्यावर सामन जातीच्या माशांपासून काढलेलें प्रोटामीन देऊन हेपॅरिनचा उतारा करतात. पण उतारा दिला म्हणजे रक्त पूर्ववत् झालें असें नव्हे. यंत्रांतून फिरतांना तें पातळ झालेलें असतें, थंड झालेलें असतें. गुठळीचा पाया घालणाऱ्या सूक्ष्म कणिका, ज्यांस प्लेटलेट म्हणतात, त्या घासून व दमून निकामी झालेल्या असतात. याखेरीज आणखी एक गोष्ट घडते, आणि प्रस्तुत विषयाचें मर्म तींतच आहे.

इमारत बांधतांना गवंडी बांबूंची परांची उभारतात आणि काम पुरें झाल्यावर ती उतरवून नेतात. शरीराची रीत अगदीं तशीच आहे. जखम झाली कीं फायब्रिन नांवाच्या चिवट धाग्यांचें जाळें विणलें जातें व त्यांत रक्तकण अडकून गुठळी होते. पुढें जखम भरून आली म्हणजे प्लाझ्मिन नांवाचें द्रव्य ते धागे तोडून गुठळी विरघळवून टाकतें. हें प्लाझ्मिन नसतें तर प्रत्येक ओरखड्यापाठीमागें राहिलेल्या गुठळ्यांनीं रक्तवाहिन्या बुजून गेल्या असत्या. मात्र यंत्राच्या आधारानें झालेल्या हृदयशस्त्रक्रियेंत हें प्लाझ्मिन अवेळीं चेततें. चुना सुकण्यापूर्वींच परांची उतरविणारे मजूर येऊन हजर व्हावे, तसा प्रकार होतो. सुईच्या प्रत्येक भोंकाशीं, दुभागलेल्या छातीच्या हाडाच्या कडांशीं, इवल्या इवल्या गुठळ्या धरतात आणि सुटतात, धरतात आणि सुटतात.

या अवेळीं येणाऱ्या मजुरांस अडविण्याचा उपाय जपानांत सांपडला, आणि तो शोधणाऱ्या बाईंची ओळख वाचकवर्गास असावयास पाहिजे तेवढी नाहीं. उताको ओकामोतो यांचा जन्म १९१८ सालचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तोकियोंतील केओ विद्यापीठांत त्या व त्यांचे पति शोसुके ओकामोतो संशोधन करूं लागले, तेव्हां जपानांत सर्वच गोष्टींचा दुष्काळ होता. रक्ताचा विषय त्यांनीं निवडला, त्याचें एक कारण असें कीं सामग्री कमी पडली तर स्वतःचें रक्त काढून प्रयोग चालवितां येईल. तान्ह्या मुलीस सांभाळणारें कोणी नसे, म्हणून तिला पाठीशीं बांधून उताकोबाई प्रयोगशाळेंत उभ्या राहात. शास्त्रज्ञांच्या सभेंत बाईमाणसाचें काय काम, असा उपहासही त्यांच्या वाट्यास आला. प्लाझ्मिन फायब्रिनच्या धाग्यास पकडतें तें लायसीन नांवाच्या एका घटकाच्या ठिकाणीं. तेव्हां लायसीनसारखेंच दिसणारें, पण तोडतां न येणारें असें कांहीं प्लाझ्मिनच्या मुठींत आधींच देऊन ठेवलें, तर धागा पकडावयास त्याची मूठ मोकळीच राहणार नाहीं, ही त्या दांपत्याची युक्ति. एक औषध त्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत तयार केलें. पण तें सौम्य पडलें. मग त्याहून सत्तावीस पट प्रभावी असें दुसरें त्यांनीं शोधिलें आणि १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचें नांव ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. या औषधास कित्येकजण ‘रक्त गोठविणारें औषध’ म्हणतात, तें बरोबर नाहीं. तें एकही नवी गुठळी घडवीत नाहीं. झालेली गुठळी टिकवून धरतें, एवढेंच. उताकोबाईंची इच्छा अशी होती कीं बाळंतपणांतील रक्तस्रावानें मरणाऱ्या स्त्रियांस याचा उपयोग व्हावा. पण कोबे शहरींच्या प्रसूतिवैद्यांस तसा प्रयोग करण्यास त्या राजी करूं शकल्या नाहींत. अखेर एकवीस देशांतील वीस हजारांहून अधिक बाळंतिणींवर तो प्रयोग झाला. त्या औषधानें रक्तस्रावाचे मृत्यु कमी होतात, विशेषतः पहिल्या तीन तासांत दिल्यास, असें सिद्ध झालें. त्याचा निकाल २०१७ सालीं आला. उताकोबाई त्याच्या आदल्याच वर्षीं, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं निवर्तल्या होत्या.

हृदयाच्या शस्त्रक्रियेंत मध्यंतरीं गाईच्या फुप्फुसांपासून काढलेल्या ॲप्रोटिनिन या दुसऱ्या औषधाचें फार प्रस्थ होतें. तें रक्तस्राव उत्तम थांबवी. परंतु कॅनडांतील एका मोठ्या प्रयोगांत २,३३१ रुग्णांची तुलना केली तेव्हां, तें घेणाऱ्यांत तीस दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ६, तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड घेणाऱ्यांत शेंकडा ३.९ निघालें. हा निकाल २००८ सालीं छापला गेला. विक्री त्यापूर्वींच, २००७ अखेर, थांबली होती. पुढें कांहीं देशांत बंदी उठली, पण गेलेली पत पूर्वीसारखी परत आली नाहीं. मैदान जपानी औषधाकडे आलें. १९१६ पासून १९६२ पर्यंत रेंगाळलेली ही कथा आतां भराभर पुढें सरकते. कॉरोनरी शस्त्रक्रियेच्या ४,६३१ रुग्णांवरील एक चांचणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. निम्म्यांस शिरेंतून हें औषध व निम्म्यांस नुसतें मिठाचें पाणी. रक्तस्रावामुळें वा हृदयावर दाब आल्यामुळें छाती पुन्हां उघडावी लागली, ती पाण्याच्या गटांत शेंकडा २.८ जणांची, औषधाच्या गटांत शेंकडा १.४ जणांची, म्हणजे बरोबर निम्म्या लोकांची. रक्त व रक्तद्रव्यांच्या पिशव्या पहिल्या गटास ७,९९४ लागल्या, तर दुसऱ्यास ४,३३१. हृदयविकार वा पक्षाघात वाढेल अशी जी भीति होती, तीही खोटी ठरली.

मात्र एक डाग राहिला. औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ०.७ जणांस शस्त्रक्रियेनंतर आकडी आली. पाणी घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ०.१ होतें. मेंदूंतील मज्जापेशींस आवर घालणारीं जीं द्रव्यें असतात, त्यांच्या कामांत हें औषध मोठ्या प्रमाणांत अडथळा आणतें, असें दिसून आलें आहे. हजारांत सात हा आंकडा कागदावर लहान दिसतो. पण ज्या घरांतील माणूस शुद्धीवर येतां येतां हातपाय ताठ करून थरथरूं लागतो, त्या घरास त्या आंकड्याचें समाधान काय होणार? शिवाय ज्यांस अशी आकडी येते त्यांची पुढील वाटचालही इतरांहून बिकट असते.

येथेंच तो दुसरा विचार पुढें आला. रक्त येतें छातींतून, आकडी येते मेंदूंतून. तर मग औषध छातींतच ओतावें, मेंदूपर्यंत तें पोहोंचूंच कां द्यावें? हा विचार कोणाही गृहस्थास पटण्याजोगा आहे. बोट कापलें तर स्वयंपाकघरांतील हळद त्या बोटावरच दाबतात. दाढी करतांना वस्तरा लागला तर न्हावी तेवढ्या जागीं तुरटी फिरवितो. शल्यवैद्यांतही ही परंपरा जुनी आहे. हाडांतून झिरपणारें रक्त थांबविण्यासाठीं लंडनचे व्हिक्टर हॉर्स्ली यांनीं १८९२ सालीं मधमाश्यांच्या मेणाचा लेप सुचविला, आणि तसलें मेण पुढें छातीच्या हाडाच्या कडांसही लावूं लागले. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचाही वरून लावण्याचा अनुभव चांगला होता. रक्त पातळ करणारीं औषधें नित्य घेणाऱ्या ३९ माणसांचे दांत काढतांना डेन्मार्कमध्यें या औषधाच्या गुळण्या देऊन पाहिल्या. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत गुळण्या घेणाऱ्यांपैकीं एकासच नंतर रक्त आलें, साध्या गुळण्या करणाऱ्यांपैकीं आठांस आलें. इटलींतील शल्यवैद्यांनीं २००० सालीं बायपासच्या ४० रुग्णांवरील प्रयोग छापला. त्यांत छाती बंद करण्यापूर्वीं १ ग्रॅम औषध १०० मिलिलिटर पाण्यांत मिसळून हृदयाभोंवतीं ओतलें होतें. पात्रांत येणारें रक्त घटलें, आणि तपासलेल्या रक्ताच्या नमुन्यांत औषधाचा मागमूसही आढळला नाहीं. म्हणजे हवें तेथें काम, नको तेथें वास नाहीं! २०१३ सालीं निरनिराळ्या शस्त्रक्रियांवरील २९ चांचण्या एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हां जखमेवर औषध लावल्यानें रक्तस्राव शेंकडा २९ नीं व रक्त देण्याची पाळी शेंकडा ४५ नीं घटते, असें उत्तर आलें. गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रियेंत तर ही रीत चांगलीच रुळली.

एवढा पुरावा पाहून कोणासही वाटावें कीं निकाल लागला. पण या बहुतेक चांचण्यांत तुलना कोणाशीं होती? नुसत्या पाण्याशीं. जखमेवरचें औषध पाण्याहून सरस, एवढेंच त्यांतून सिद्ध झालें होतें. रुग्णास खरोखर जें निवडावयाचें असतें तें औषध कीं पाणी हें नव्हे; शिरेंतून मिळणारें औषध तर त्यास एरवींही मिळतच असतें. तें काढून घेऊन त्याच्या जागीं दुसरें द्यावयाचें, तर तुलना त्या पहिल्याशींच व्हावयास हवी होती.

ती तुलना कॅनडांतील हॅमिल्टन येथील संशोधकांच्या पुढाकारानें सहा देशांतील सोळा रुग्णालयांत झाली. प्रत्येक रुग्णास शिरेंतूनही द्रव दिला आणि छातींतही ओतला. त्यांतील एक औषध आणि एक निव्वळ मिठाचें पाणी. कोणतें कोठें, हें रुग्णासही ठाऊक नाहीं आणि शल्यवैद्यासही नाहीं. परिश्रम वांचविण्यासाठीं ही गुप्तता पुष्कळदां सोडली जाते. येथें ती पाळली, हें त्या मंडळींचें श्रेय. तीन हजार दोनशें बेचाळीस रुग्ण झाले असतां, सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानें चांचणी मुदतीपूर्वींच थांबविण्याचा सल्ला दिला. २०२४ सालीं तिचे आंकडे प्रसिद्ध झाले. आकडी आली ती जखमेवर औषध घेणाऱ्या १,६२४ पैकीं ४ जणांस, शिरेंतून घेणाऱ्या १,६१८ पैकीं ११ जणांस. फरक अपेक्षेच्या दिशेनेंच होता, परंतु इतक्या थोड्या घटनांत तो केवळ योगायोगानेंही पडूं शकतो, म्हणून शास्त्राच्या कसोटीस उतरला नाहीं. रक्ताचा हिशेब मात्र उलटला. शिरेंतून औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २६.८ जणांस तांबड्या पेशींची पिशवी द्यावी लागली. जखमेवर घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३५.१ जणांस. दर शंभरांमागें आठ माणसांस अधिक रक्त द्यावें लागलें.

असें कां व्हावें? आंकडे स्वतः कारण सांगत नाहींत. पण शरीराची रीत पाहतां तर्क बांधतां येतो. छातींत औषध ओतावयाचें तें शेवटीं, हाड बंद करण्याच्या वेळीं. प्लाझ्मिन मात्र त्यापूर्वीं कित्येक तास, यंत्र सुरू झाल्यापासूनच, सर्व रक्तभर चेतलेलें असतें. परांची उतरविणारे मजूर आधींच सगळ्या इमारतींत शिरलेले. त्यांस दिंडीदरवाजाशीं अडवून काय लाभ? त्याशिवाय ओतलेल्या द्रवाचा कांहीं भाग त्याच निचऱ्याच्या नळ्यांनीं बाहेर पडतो, आणि पायांतील जी शीर काढून हृदयास जोडतात तेथील जखमेपर्यंत छातींतील औषध पोहोंचत नाहीं. बोट आणि हळद यांचा दाखला फसतो तो येथें. बोटाच्या जखमेंत बिघाड जागेचा असतो. या जखमेंत बिघाड रक्ताचाही असतो.

याचा अर्थ जखमेवरील औषध टाकाऊ, असा घेणें उतावीळपणाचें होईल. पाण्याहून तें सरस आहे, हा जुना निकाल कायमच आहे. ज्यास शिरेंतून तें देणें धोक्याचें, त्याच्या बाबतींत शल्यवैद्य त्याचा विचार करूं शकतात. मात्र शिरेंतील औषधाची जागा तें घेऊं शकत नाहीं. औषधाची जागा चुकली तर केवढा अनर्थ होतो याचें एक दारुण उदाहरण याच औषधाचें आहे: कण्यांत टोंचावयाच्या भुलीच्या औषधाची कुपी समजून चुकून हेंच औषध कण्यांत टोंचलें गेल्याच्या घटना प्रसूतीच्या शस्त्रक्रियांत घडल्या, आणि दोन्ही कुप्या एकत्र ठेवूं नका असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेस २०२२ सालीं द्यावा लागला.

राहतां राहिली आकडीची भीति. तिचा बंदोबस्त वाट बदलून नव्हे तर मात्रा जोखून करावा, असें आतां दिसूं लागलें आहे. चीनमधील चार रुग्णालयांत ३,०७९ रुग्णांस शिरेंतून मोठी व लहान अशा दोन मात्रा देऊन पाहिल्या. निकाल २०२२ सालचा. मोठ्या मात्रेच्या गटांत शेंकडा २१.८ जणांस रक्त लागलें, लहान मात्रेच्या गटांत शेंकडा २६ जणांस; आकडी अनुक्रमें शेंकडा १ व शेंकडा ०.४. दोन्ही पारड्यांत कांहींना कांहीं पडतेंच. हें औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें, म्हणून ज्यांचीं मूत्रपिंडें दुर्बल त्यांच्या रक्तांत तें अधिक काळ रेंगाळतें. ज्यांच्या हृदयाचे कप्पे उघडावे लागतात त्यांच्यांतही आकडीचा संभव अधिक. अशांच्या बाबतींत मात्रा बेताची ठेवण्याकडे कल असतो.

घरच्या मंडळींच्या हातीं यांतील फारच थोडें असतें, पण अगदींच नसतें असें नाहीं. पूर्वीं केव्हां आकडी आली असेल, मूत्रपिंडांचा विकार असेल, दांत काढतांना वा बाळंतपणांत रक्त थांबतां थांबलें नसेल, तर तें भूल देणाऱ्या डॉक्टरांस विचारण्यापूर्वींच सांगावें. रुग्ण घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, वैद्याच्या व हकिमाच्या पुड्यांसह, बरोबर न्याव्या. रक्ताच्या कणिकांस आवर घालणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वीं थांबवितात. टिकाग्रेलॉर सामान्यतः तीन दिवस, क्लोपिडोग्रेल पांच दिवस, प्रासुग्रेल सात दिवस आधीं, आणि ॲस्पिरिन पुष्कळदां चालूच ठेवतात. मात्र हे दिवस घरीं बसून मोजावयाचे नव्हेत. नुकताच स्टेंट बसविलेल्या माणसानें डॉक्टरांस न विचारतां ती गोळी बंद केली, तर रक्तस्राव टळण्याऐवजीं स्टेंटच गुठळीनें बुजण्याचें भय असतें.